थंड पाऊस, समोरचा वारा आणि 42 किलोमीटर: काय घालावं, कसं धावावं, कधी थांबावं

प्रश्न थोडक्यात असा: मॅरेथॉन तोंडावर आली आहे, अंदाजात पाऊस, जोराचा वारा आणि आठ-दहा अंश तापमान दिसतंय. अशा हवेत तयारीत काय बदलायचं, वेळेचं लक्ष्य धरायचं की सोडायचं, आणि खरा धोका कुठे असतो?

धोक्यापासूनच सुरुवात करतो, कारण कपडे, पेस (म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, धावण्याचा वेग), खाणं हे सगळं त्यावरूनच ठरतं. थंड पावसात पहिले दहा-पंधरा किलोमीटर सहसा बरे जातात. अंगात ऊब असते, जोर असतो, पाऊस सुखावतोसुद्धा. धोका येतो तो वेग पडल्यावर.

हिशेब साधा आहे. धावताना शरीर दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे साधारण एक किलोकॅलरी खर्च करतं. 60 किलोचा माणूस ताशी 10 किलोमीटरने धावत असेल तर तासाला 600 किलोकॅलरी. त्यातला तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग उष्णता होऊन बाहेर पडतो, आणि तीच तुमची शेगडी. हाच माणूस 32व्या किलोमीटरला पोटरीत गोळा आला म्हणून चालायला लागला, की खर्च तासाला 200 ते 225 किलोकॅलरींवर येतो. शेगडी एकदम तिसऱ्या हिश्श्यावर. पाऊस आणि वारा मात्र तेवढाच, कपडे आता पूर्ण भिजलेले, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. धावताना ज्या कपड्यांत घाम येत होता त्याच कपड्यांत दहा-पंधरा मिनिटांत दात वाजायला लागतात.

म्हणून माझा पहिला सल्ला: कपडे स्टार्ट लाइनवरच्या पेसचा विचार करून निवडू नका. त्या दिवशी तुमचा सर्वांत संथ अर्धा तास कसा असू शकेल, त्याला पुरतील असे निवडा. आणि पेस असा ठेवा की तो अर्धा तास येऊच नये.

2018 ची बोस्टन मॅरेथॉन या बाबतीत अभ्यासण्यासारखी आहे. तापमान शून्याच्या जरासं वर, धो-धो पाऊस आणि सगळ्या वाटेवर समोरून वारा. जगातले नावाजलेले धावपटू एकामागून एक बाहेर पडले. पुरुषांत आदल्या वर्षीचा विजेता जेफ्री किरुई बराच पुढे निघून गेला होता, पण शेवटच्या टप्प्यात त्याचा वेग कोसळला आणि युकी कावाउचीने त्याला गाठून 2:15:58 मध्ये शर्यत जिंकली. महिलांत डेझिरे लिंडेन 2:39:54 मध्ये पहिली आली. तिथल्या महिला विजेत्यांची 1978 नंतरची ही सर्वांत संथ वेळ. सुरुवातीलाच आपण शर्यत सोडू असं तिला वाटत होतं, पण ती वाऱ्याशी न झगडता टिकून राहिली. त्या दिवशी कमीत कमी मंदावणारा जिंकला. तुमच्या-माझ्या पातळीवरही हेच लागू पडतं, उलट जास्तच, कारण आपण रस्त्यावर दुप्पट वेळ असतो.

खराब हवामान म्हणजे नक्की कोणतं?

पाऊस आहे एवढ्यावरून काहीच ठरत नाही. 14-15 अंश, रिमझिम, वारा पडलेला, अशी हवा मॅरेथॉनला उत्तमच. तिथे काळजी फक्त पायाच्या फोडांची. दहा अंशांच्या खाली पाऊस आणि त्यात ताशी 20-25 किलोमीटरच्या वर वारा, हे तिन्ही एकत्र आले की बेत बदलायचा. कोरडी थंडी त्यामानाने सोपी. शून्य अंशाला कोरडं धावणं परवडतं, सहा अंशांचा वाऱ्यासकट पाऊस परवडत नाही. नवे धावपटू नेमके इथे फसतात, कारण ते नुसता तापमानाचा आकडा पाहतात.

अंदाज बघताना तासातासाचा बघा. दिवसाचं सरासरी तापमान कामाचं नाही. तुम्ही सकाळी सहाला सुटून अकराला पोहोचणार असाल तर त्या पाच तासांत वाऱ्याची दिशा बदलते का, पाऊस कधी वाढतो, हे बघायचं. वाऱ्याचे दोन आकडे असतात, सरासरी आणि झोताचा. मोकळ्या पुलावर आणि पाण्याकाठच्या रस्त्यावर झोताचा आकडा खरा मानायचा. मग मार्गाचा नकाशा उघडून समोरचा वारा कोणत्या किलोमीटरपासून कोणत्या किलोमीटरपर्यंत लागणार ते हाताने लिहून काढा. वारा शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये समोरून येणार असेल तर पहिल्या अर्ध्यात काही सेकंद "कमावून ठेवायचा" विचार डोक्यातून काढून टाका. तिथे लागेल ती ताकद, सेकंद नाहीत.

"जाणवणारं तापमान" हा आकडाही नीट समजून घ्या. 5 अंशांना ताशी 30 किलोमीटरचा वारा असेल तर ते साधारण 0 अंशांसारखं जाणवतं, पण हे गणित कोरड्या त्वचेचं आहे. भिजलेल्या अंगाला त्याहून गार लागतं.

अंगावर काय?

आतला थर सिंथेटिक किंवा बारीक मेरिनो लोकरीचा आणि अंगाला घट्ट बसणारा हवा. सुती काहीही नको, आतले कपडेसुद्धा. सैल टी-शर्ट पावसात पाणी पिऊन जड होतो, खाली ओढला जातो आणि प्रत्येक पावलाला काखेत आणि छातीवर घासत राहतो.

जॅकेटबद्दल नेहमी वाद होतो. पूर्ण जलरोधक जॅकेटमध्ये जोरात धावणारा माणूस आतून घामाने तितकाच भिजतो. म्हणून चार तासांच्या आत पोहोचणाऱ्याला सहसा पातळ, मुठीत मावणारं, पुढून पूर्ण चेन असलेलं वाऱ्याचं जॅकेट पुरतं. ते भिजतं, पण वारा अडवतं, आणि ओल्या अंगावरचा वारा अडवणं हेच मुख्य काम आहे. पूर्ण चेन हवीच: चढावर उघडायची, पुलावर बंद करायची. पाच तास किंवा त्याहून जास्त लागणार असतील तर मात्र शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेलं खरं जलरोधक, टोपीवालं जॅकेट घ्या. तुमची शेगडी मुळात मंद असते आणि तुम्ही रस्त्यावर जास्त वेळ असता. वेगवान धावपटूला बनियनवर बघून आपणही तसंच धावायचं, हा हिशेब इथे उलटा पडतो.

बिब, म्हणजे शर्यतीचा नंबर छापलेला कागद, जॅकेटवर लावू नका. मग जॅकेट काढताच येत नाही. शॉर्टवर किंवा कमरेच्या पट्ट्यावर लावा. कागदी बिब पाण्याने मऊ होऊन पिनांच्या भोकांशी फाटतं, तिथे आधी चिकटपट्टीचे छोटे तुकडे मागून-पुढून लावून मग पिना टोचा. बिबला टायमिंगची चिप असेल तर ती दुमडू नका.

डोक्याला पुढे झाप असलेली पातळ टोपी. तिचं मुख्य काम पावसाचे थेंब डोळ्यांपासून दूर ठेवणं. चार तास डोळे बारीक करून धावलं की मान आणि खांदे आखडतात. चष्मा लावणाऱ्यांना तर टोपीशिवाय पर्याय नाही. जोराच्या वाऱ्यात टोपी उडते, म्हणून तिच्यावरून गळपट्टीची नळी किंवा जॅकेटची टोपी ओढून घ्या.

हातांकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं. बोटं बधिर झाली की जेल (धावताना खायच्या घट्ट, गोड कर्बोदकांचं छोटं पाकीट) फाडता येत नाही, चेन ओढता येत नाही, नाडी बांधता येत नाही, आणि मग एकेक गोष्ट बिघडत जाते. पातळ लोकरी किंवा सिंथेटिक हातमोजे आणि त्यांच्यावर एक माप मोठे, डॉक्टर वापरतात तसे नायट्राइलचे हातमोजे, ही जोडी महागड्या जलरोधक हातमोज्यांपेक्षा चांगली चालते. आत घाम साचतो, पण हात उबदार राहतात. दुसरी जोडी छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून खिशात ठेवा आणि 25व्या किलोमीटरच्या आसपास बदला.

पायांना सैल पँट नको. पाणी धरून ती मांडीला फटके मारते. आठ अंशांच्या खाली, शिवाय पाऊस, तर घट्ट टाइट्स. त्याच्या वर शॉर्ट चालते, उघड्या पायांवर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवला की पाणी थोडं ओघळून जातं.

जलरोधक बूट रस्त्यावरच्या शर्यतीला घेऊ नका. पाणी घोट्याकडून आत येतंच, आणि मग बुटाचा जलरोधक पडदा त्याला बाहेर जाऊ देत नाही. जाळीचा बूट भिजतो तसाच पावलागणिक निथळतोही. बूट निवडताना तळव्याचं रबर बघा. काही कार्बन प्लेटवाल्या (तळव्यात कार्बनची कडक पट्टी असलेल्या) बुटांना मधल्या भागात रबर नसतं, नुसता फोम उघडा असतो, आणि ओल्या रंगाच्या पट्ट्यांवर तो घसरतो. निदान एक सराव धाव भर पावसात त्याच बुटात, त्याच मोज्यांत झालेली असावी. मोजे पातळ, सिंथेटिक, बोटांना चुण्या न पडणारे. जाड मोजा ओला झाला की बुटातली जागा खातो आणि नखं काळी पडतात.

व्हॅसलिन किंवा तत्सम मलम हात राखून लावू नका. पाऊस ते धुऊन नेतो, म्हणून नेहमीच्या दुप्पट. प्रत्येक बोटाच्या मधे, टाचेच्या मागे, पावलाच्या कमानीच्या कडेला, मांड्यांच्या आत, काखेत, शिवण येते तिथे कमरेला, स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या पट्टीखाली. पुरुषांनी स्तनाग्रांवर मलमापेक्षा वैद्यकीय चिकटपट्टी लावावी, तीही अंग कोरडं असताना आणि मलम लावायच्या आधी. नाहीतर ती चिकटत नाही आणि पाचव्या किलोमीटरला पोटावर लोंबते. नाडीला दुहेरी गाठ मारा आणि टोकं आत खोचा, कारण ओली नाडी ताणली जाऊन सैल पडते.

सुटण्याआधीचा तास

अनेकांची शर्यत इथेच बिघडते. तासभर भिजत, कुडकुडत उभं राहिलेलं शरीर सुटण्याआधीच साठा जाळायला लागतं. मोठी कचऱ्याची पिशवी घ्या, तळाला डोक्यासाठी एक आणि बाजूंना हातांसाठी दोन भोकं पाडा, आणि ती गुडघ्यापर्यंत घाला. आत टाकून द्यायचा जुना स्वेटर. पायात जुने बूट किंवा बुटांवर बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. शर्यतीचे बूट-मोजे कोरड्या पिशवीत राहू द्या आणि रांगेत शिरायच्या दहा मिनिटं आधी चढवा. कोरड्या पायाने सुरू केलेले पहिले किलोमीटर फोड पुढे ढकलतात.

वॉर्म-अप टाळू नका. गार स्नायू घेऊन थेट पेसवर गेलं की पोटरी आणि मांडीच्या मागच्या बाजूला ताण बसतो. जागच्या जागी धावणं, गुडघे उचलणं, पाय झुलवणं, आठ-दहा मिनिटं, पिशवी अंगावर ठेवूनच. पिशवी पहिल्या दोन किलोमीटरपर्यंत राहिली तरी हरकत नाही. काढल्यावर ती रस्त्याच्या मधे टाकू नका. मागून येणाऱ्याच्या पायात ओलं प्लास्टिक अडकलं तर तो आडवा होतो. कडेच्या टोपलीत किंवा स्वयंसेवकाच्या हातात द्या.

धावताना

पेस घड्याळावर चालवायची नाही, श्रमावर चालवायची. ताशी 25-30 किलोमीटरचा वारा समोरून असेल तर तेवढ्याच श्रमाला किलोमीटरमागे 10 ते 20 सेकंद जास्त लागतील असं धरा. उंच आणि रुंद बांध्याच्या माणसाला त्याहून जास्त. वारा पाठीवर आला की ते सगळे सेकंद परत मिळत नाहीत, साधारण अर्धे मिळतात. कारण हवेचा विरोध तुम्ही आणि वारा मिळून होणाऱ्या वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणजे जाऊन-येऊन मार्गावर वारा असला की एकूण वेळ वाढणारच. हे मान्य करून सुटा. बोलता येईल इतका श्वास पहिल्या 25 किलोमीटरपर्यंत राहिला पाहिजे.

समोरच्या वाऱ्यात घोळक्यात राहा. पुढच्या धावपटूच्या मागे एक मीटरवर विरोध खूपच कमी होतो. एकट्याने दहा सेकंद वेगाने जाण्यापेक्षा जरा संथ घोळका परवडतो. फक्त सगळा वेळ दुसऱ्याच्या आडोशाला राहू नका, किलोमीटर-दोन किलोमीटरनी पुढे या आणि तसं बोलून ठरवा. अनोळखी माणसंही आनंदाने तयार होतात. वारा तिरका असेल तर बरोबर मागे न राहता वाऱ्याच्या उलट बाजूला तिरकं राहायचं. डोकं खाली घालून, कमरेत वाकून वाऱ्यात घुसू नका, श्वास कोंडतो आणि कंबर धरते. घोट्यापासून किंचित पुढे झुका आणि पावलं लहान, झपझप टाका.

रस्त्यावर घसरण्याच्या जागा ठरलेल्या असतात: पांढऱ्या-पिवळ्या रंगाच्या पट्ट्या, गटाराची लोखंडी झाकणं, पुलाचे धातूचे सांधे, ओली पानं, आणि पाण्याच्या टेबलानंतरचे पन्नास मीटर, जिथे कागदी पेले आणि जेलची पाकिटं पडलेली असतात. वळण घेताना या जागांवर पाय तिरका पडू देऊ नका. डबक्याचं म्हणाल तर तळ दिसत असेल तर सरळ जा. प्रत्येक डबकं चुकवत नागमोडी धावणारा स्वतःही दमतो आणि शेजारच्याला पाडतो. तळ दिसत नसेल तर मात्र वळसा घाला, खाली खड्डा असू शकतो.

थंडीत खाणं-पिणं बिघडण्याची एक ठरलेली साखळी आहे. तहान लागत नाही, म्हणून पाणी घेतलं जात नाही. पाण्यावाचून जेल घशाखाली उतरत नाही. बोटं बधिर, पाकीट फाटत नाही, म्हणून "पुढच्या टेबलावर बघू". दोन जेल अशी हुकली की 30व्या किलोमीटरला साखर संपते, वेग पडतो, आणि आपण सुरुवातीला मांडलेला हिशेब सुरू होतो. कुडकुडण्यातही हाच साठा जळतो, म्हणून थंडीत कर्बोदकांची गरज कमी होत नाही. तासाला 30 ते 60 ग्रॅम हे प्रमाण कायम ठेवा. बहुतेक जेलमध्ये 20 ते 25 ग्रॅम असतात, म्हणजे साधारण दर अर्ध्या तासाला एक, घड्याळाचा गजर लावून. आदल्या रात्री प्रत्येक पाकिटाच्या कोपऱ्यावर कात्रीने छोटी खाच द्या, आरपार नाही, म्हणजे दाताने फाडता येतं. गार हवेत जेल घट्ट होतं, म्हणून पुढचं पाकीट पाच मिनिटं आधी हातमोज्याच्या आत सरकवून ठेवा.

पाणी तहानेप्रमाणे, दर टेबलावर दोन-तीन घोट. थंडीत घाम कमी आणि लघवी जास्त होते. उन्हाळ्याचं वेळापत्रक धरून पोटात पाणी ओतत राहिलात तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि हा प्रकार संथ, पाच-सहा तास रस्त्यावर असणाऱ्यांत जास्त दिसतो. हातांची बोटं सुजणं, मळमळ, डोकं दुखणं, पोट पाण्याने डुचमळणं अशी लक्षणं दिसली तर आणखी पाणी पिऊ नका, डॉक्टरांच्या तंबूकडे जा. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या शर्यतीत घेऊच नका. ताणात असलेल्या मूत्रपिंडांवर त्यांचा भार पडतो.

घड्याळाचा स्पर्शपडदा सुटण्याआधी कुलूपबंद करा, पावसाचे थेंब त्याला बटणं दाबल्यासारखे वाटतात आणि नोंद मधेच थांबते. मनगटावरून नाडी मोजणारं यंत्र गार, ओल्या त्वचेवर बऱ्याचदा खोटं बोलतं. त्याच्या आकड्यावर पेस ठरवू नका.

कधी थांबायचं

शरीराच्या आतलं तापमान 35 अंशांच्या खाली गेलं की हायपोथर्मिया. रस्त्यावर थर्मामीटर नसतो, म्हणून हात आणि जीभ तपासायची. अंगठा करंगळीच्या टोकाला लावून बघा. लागत नसेल तर बोटं कामातून गेली. शेजाऱ्याशी एक पूर्ण वाक्य बोला. शब्द अडखळत असतील, जीभ जड वाटत असेल, पाय विनाकारण ठेचकाळत असतील, मन चिडचिडं किंवा एकदम बेफिकीर झालं असेल, तर पुढच्या टेबलावर थांबा. धावत असूनही अंग थडथडतंय ही पहिली घंटा. थडथड थांबली पण गारवा गेलेला नाही आणि आता "बरं वाटतंय", ही शेवटची. साधारण 32 अंशांच्या खाली कुडकुडणं बंद पडत जातं, आणि त्या अवस्थेत माणूस स्वतःचा निर्णय स्वतः नीट घेऊ शकत नाही. म्हणून थांबण्याची अट घरी, कोरडं असताना ठरवायची आणि सोबत्याला सांगून ठेवायची.

दुसरा धावपटू या अवस्थेत दिसला तर त्याला "ठीक आहेस ना?" विचारू नका, तो हो म्हणेल. त्याचं नाव, कितवा किलोमीटर चालू आहे, असं विचारा. उत्तर गडबडलं तर त्याला वाऱ्याआड न्या, ओलं काढून कोरडं घाला, डोकं झाका, खाली जमिनीवर काहीतरी टाकून बसवा आणि स्वयंसेवकाला बोलवा. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तरच गरम, गोड पेय द्या. हातपाय चोळू नका, दारू देऊ नका.

डोंगरातल्या शर्यतीत हे सगळं कितीतरी वेगाने घडतं, कारण मदत जवळ नसते. 22 मे 2021 रोजी चीनच्या गान्सू प्रांतातल्या 100 किलोमीटरच्या शर्यतीत दुपारच्या सुमारास गारा, गोठवणारा पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुरू झाला. 172 धावपटूंपैकी 21 जण गेले, त्यांत अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनहून लांब अंतर, धावण्यातला देशातला अव्वल धावपटू लियांग जिंग होता. अनेकांच्या अंगावर शॉर्ट आणि पातळ टी-शर्ट होता. वाऱ्या-पावसाचं जॅकेट सक्तीच्या सामानात नव्हतं. एका मेंढपाळाने काही जणांना गुहेत नेऊन शेकोटी पेटवली, म्हणून सहा जण वाचले. या घटनेचा मला कधीच विसर पडत नाही, कारण तिथे फिटनेस कमी पडली नव्हती. डोंगरात जाताना आयोजकांची यादी काहीही म्हणो, टोपीवालं जलरोधक जॅकेट, कोरडा उबदार थर जलरोधक पिशवीत, हातमोजे, आपत्कालीन चमकती चादर, शिट्टी आणि चार्ज केलेला फोन, एवढं पाठीवर असलंच पाहिजे. आणि जॅकेट भिजण्याआधी घालायचं, भिजल्यावर नाही.

विजेचा नियम वेगळा आणि बिनशर्त आहे. लखलखाट आणि गडगडाट यांत 30 सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर पडू नका. झाडाखाली, मांडवाखाली, लोखंडी कठड्याजवळ थांबू नका.

उलट टोकाची हवा, उष्ण आणि दमट, तिच्याबद्दल थोडंसंच, कारण प्रश्न थंडीचा आहे. तिथे हिशेब फिरतो: शेगडी मोठी असणं हाच धोका, म्हणजे वेगवान धावपटू आधी सापडतो. एक लिटर घाम सुकला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता जाते, पण तो सुकला तरच. दमट हवेत तो नुसता ओघळतो. 2019 च्या दोहामधल्या जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू करूनही 68 पैकी 40 जणींनाच ती पुरी करता आली. तिथे पहिल्या किलोमीटरपासून संथ जाणं, डोक्यावर-मानेवर पाणी ओतणं, आणि उन्हात अंगावर काटा किंवा गोंधळल्यासारखं वाटलं तर ताबडतोब थांबणं, हे तीन नियम. उष्माघातात आधी बर्फाच्या पाण्यात गार करायचं, रुग्णालयात न्यायचं ते नंतर.

शर्यत संपल्यावरची दहा मिनिटं

फिनिश ओलांडली की शेगडी विझते. शरीर पुढची वीस-तीस मिनिटं आतून गार होत राहू शकतं. पदकाचा फोटो काढत पावसात उभं राहू नका. चमकती चादर मिळाली तर घ्या, ती वारा आणि बाष्पीभवन अडवते, पण आत ओला टी-शर्ट तसाच असेल तर तिचा फारसा उपयोग नाही. चालत राहा आणि थेट बॅगेकडे जा.

बॅग आदल्या दिवशी भरताना हे लक्षात ठेवायचं की ती उघडणाऱ्या हातांना बोटं नसल्यासारखी असतील. बटणं, नाडी, बारीक चेन असलेलं काहीही नको. सामान बॅगेच्या आत मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत, वापरायच्या उलट क्रमाने भरा: तळाला चपला आणि लोकरी मोजे, त्यावर सैल पायजमा, त्यावर जाड स्वेटर आणि डोक्यातून घालायचा टी-शर्ट, सगळ्यांत वर टॉवेल आणि लोकरी टोपी. कमरेच्या वरचे ओले कपडे आधी, सगळे, ब्रासकट. मग डोकं पुसून टोपी. मग खालचे. थर्मासमध्ये काहीतरी गरम आणि गोड. एकदम कढत पाण्याखाली उभं राहू नका, बधिर त्वचेला भाजलेलं कळत नाही आणि रक्तदाब पडून चक्कर येते. आधी कोमट.

पाय घरी गेल्यावर नीट बघा. तासन्‌तास भिजलेली त्वचा पांढरी, सुरकुतलेली आणि मऊ असते, तिच्यावर लगेच फोड फोडण्याचे प्रयोग करू नका. पाय धुऊन, पुसून, उघडे ठेवून दोन-तीन तास वाळू द्या, मग ठरवा. बुटातला आतला तळवा काढून वेगळा वाळवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि पहिले बोळे तासाभरात बदला, कारण जास्तीत जास्त पाणी तेच शोषतात. हीटरसमोर किंवा कडक उन्हात बूट ठेवले तर डिंक सुटतो आणि फोम आकसतो. सावलीत, वाऱ्यावर, दीड-दोन दिवस लागतात.